दुसऱ्या टॉवेलची घडी

उलटीमास्तरांच्या अष्टांग योगाच्या वर्गाला रिकाम्या पोटी जायचं आणि बरोबर दोन टॉवेल न्यायचे, असा नियम होता. एक स्वतःचं तोंड पुसायला, दुसरा शेजाऱ्याने ओकून ठेवलेलं पुसायला. हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर शहापूरच्या बाजारामागच्या त्या बंद भातगिरणीत मी पाऊलही टाकलं नसतं.

मला वाटलं होतं, आसनं शिकवतील. पित्ताने माझी पार वाट लावली होती. घास गिळला की छातीत आग. मास्तरांनी मात्र गोणपाटावर उकिडवं बसवून कोमट मिठाचं पाणी पाजलं, तांब्यामागून तांब्या. "आता दोन बोटं घशात घाला, भाऊसाहेब," म्हणाले. ते आमच्याच कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले आणि मी तिथला क्लार्क, त्यामुळे ते 'भाऊसाहेब' शेवटपर्यंत सुटलं नाही. माझ्याआधी समोरच्याने सुरुवात केली. तो आवाज, तो आंबट वास! मला बोटं घालावीच लागली नाहीत.

आसनांचं कोणी विचारलं की मास्तर बोटांवर मोजून दाखवत. "यम पयला, नियम दुसरा, आसन तिसरं. नियमात पयलं शौच. आतली घाण निघाली नाय, आणि तुमी निघालात डोक्यावर उभं राहायला?" आसनं शिकवली, पण महिन्याभराने. त्यातही सुख नव्हतंच. गोणपाटातला कोंडा घामाने अंगाला चिकटायचा, पुढच्याच्या भेगाळलेल्या टाचा थेट नाकापाशी यायच्या, आणि वर मास्तरांचा हुकूम, की श्वास सावकाश आणि खोल घ्या.

माझ्या शेजारचं गोणपाट कुंदामावशीचं. ती बाजारात सुकट विकायची. बाई मनाने चांगली, पण तिच्याआधी तिचा वास आत यायचा. महिन्यातून एक रविवार उलट्यांचा, आणि तिचं पुसायची पाळी माझी. मी खोकल्याचं निमित्त करून दाराशी पळायचो. मास्तर गुडघ्यांवर बसून राख टाकायचे, पुसून घ्यायचे. कपाळावर एक आठी नाही. फडकं पिळता पिळता माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पोटातलंच हाय ना? काल रातीला जेवताना गोड लागलंच की." मावशी मात्र माझं मुकाट्याने पुसायची. माझा दुसरा टॉवेल कोरा करकरीत राहिला.

मास्तरांच्या त्या हातांची मला किळस यायची, अगदी खरं सांगतो. त्यांनी दिलेला चहासुद्धा मी कपाचा कान टाळून प्यायचो. तरी वर्गाला जात राहिलो. रोज सकाळी माझ्या छातीवर तोच हात ठेवून "आग हाय का अजून?" असं विचारणारं मला दुसरं कोणी नव्हतं. वर्षभरात आग गेली ती गेलीच.

पुढे माझी बदली मुरबाडला झाली आणि वर्ग सुटला. काही वर्षांनी कळलं, मास्तर अर्धांगाने किन्हवलीच्या घरी पडून आहेत. मोसंबी घेऊन गेलो. दारातच वास आला. अंथरूण भिजलेलं होतं आणि कुंदामावशी त्यांना पुसत होती. दिवसाआड एसटीने यायची म्हणे. मला बघून तिला बरं वाटलं.

"बरं झालं आलात, भाऊसाहेब. जरा कुशीवर धरा त्यांना, मी खालचं काढते."

मी दोन पावलं मागे गेलो. रुमाल नाकावर केव्हा गेला ते कळलंही नाही. मास्तरांनी पाहिलं. वाकड्या तोंडाने, एकेक शब्द ओढत म्हणाले, "त्यांना... भायेर... जाऊ दे गो. तरास... होतो त्यांना."

मी बाहेर गेलो आणि कुंपणापाशी ओकलो. या वेळी किळस आली ती माझीच.

आठवडाभर मन खात होतं. रविवारी कपाटातून तो दुसरा टॉवेल काढला आणि किन्हवली गाठली. मास्तरांची खाट धुऊन अंगणात उभी केली होती, पाणी अजून निथळत होतं. मावशी आत जमीन पुसत होती. तिने मान वर केली.

"काल गेले," ती म्हणाली.

मी टॉवेल पुढे केला. तिने तो हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. "ऱ्हाऊ दे, भाऊसाहेब. झालंय पुसून."

टॉवेल आजही माझ्याकडे आहे. त्याची घडी मोडलेली नाही.