पूर्ण बाह्यांचा शर्ट

नांदुऱ्याच्या लाँड्रीत शर्ट प्रेस करायचं मशीन एक बाई चालवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. वडनेरहून कामाला जाताना तिथे कपडे टाकायचो, एवढीच ओळख. शर्ट पसरला की ती दोन्ही अंगठे दोन बटणांवर ठेवायची, तेव्हाच वरचं तापलेलं झाकण खाली यायचं. एक अंगठा जरी उचलला तरी मशीन जागीच थांबायचं.

एकदा घाईतलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "एका बटनाले चिकटपट्टी लावून ठेवा ना बाई, तेवढाच एक हात मोकळा राहीन."

"आमच्या घरच्यायनं तेच केलं होतं," ती म्हणाली. "याच मशीनवर."

गिऱ्हाईकानं काउंटरवरचा हात मागे घेतला.

मग तिनं घरचा, नवऱ्याचा शर्ट काढला. भर मे महिना, आणि बाह्या पूर्ण.

"पहिले हाफच घालत होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता उन्हाळ्यातबी हात कोणाले दिसू देत नाईत."

झाकण खाली आलं, वाफ निघाली. बाही अगदी कडक, सरळ झाली होती. तरी तिनं ती तळहातानं पुन्हा एकदा सारखी केली, हळूच, आत दुखरा हात असल्यासारखी.