टाकीमागच्या गल्लीचे काशिनाथभाऊ

काशिनाथ टोकेकर यांची व माझी ओळख १९६९ साली झाली. माझे यजमान भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात क्रेन चालवीत. आम्हांला कारखान्याच्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत क्वार्टर मिळाले. समोरच्या घरात काशिनाथभाऊ व त्यांच्या पत्नी मंदाकिनी राहत. ते मूळचे ग्वाल्हेरचे, आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते.

आमच्या गल्लीत बारा घरे होती. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागे, म्हणून गल्लीत म्हातारी माणसे नव्हतीच. कोण कधी आले, कोणाचे मूल कोणत्या घरात जन्मले, हे सांगायला कोणी उरत नसे. ती उणीव काशिनाथभाऊंनी भरून काढली. एखादे कुटुंब निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घराच्या दारापुढे सतरंज्या अंथरत, पोहे-जिलेबी होई, आणि काशिनाथभाऊ उभे राहून त्या घराची हकीकत पहिल्या दिवसापासून सांगत. हातात कागद नसे. सदाशिव नेने यांच्या निरोपाला त्यांच्या पत्नी शालिनी रडू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आत्ताच रडू नका. नळावरची भांडणं अजून बाकी आहेत!"

शालिनीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "सांगा की. पण सुरुवात तुमच्या मंदाकिनीनं केली होती, तेही सांगा."

सगळी गल्ली हसली. अशा नऊ घरांना त्यांनी निरोप दिला.

१९९३ साली त्यांचीच निवृत्ती आली. पंधरा दिवस आधी ते आमच्या अंगणात आले व म्हणाले, "आमच्या घराचं तुम्ही बोला. इतकी वर्षं समोर तुम्हीच आहात."

मी म्हणाले, "भाऊ, मला लिहिता-वाचता येत नाही."

"अहो, बोलायचं आहे, परीक्षा थोडीच द्यायची आहे!"

मी होकार दिला. परंतु त्या संध्याकाळी कारखान्यातील साहेब येणार असे कळले, आणि माझे धैर्य खचले. कागदाशिवाय बोलणे त्यांनाच शोभते, माझ्यासारखीला नाही, अशी माझी समजूत झाली. मी ते काम कोपऱ्यावरच्या घरातील श्याम या तरुण इंजिनिअरवर सोपवले. त्याला गल्लीत येऊन दीड वर्ष झाले होते. त्याने सुंदर अक्षरात लिहून आणले: कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. तीन मिनिटांत वाचून झाले. टाळ्या थांबल्यावरही काशिनाथभाऊ हात जोडून उभेच होते. आणखी कोणी बोलेल, असे त्यांना वाटले असावे. मी पोह्यांच्या बशा गोळा करू लागले.

मला ठाऊक होते ते असे. गल्लीतील सात बायकांना त्यांनी टाकीजवळच्या मैदानात सायकल शिकवली. पहिल्याच दिवशी मंदाकिनीवहिनी मेंदीच्या कुंपणात पडल्या. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा बावीस दिवस आमचे दूध त्यांनी आणले. त्यांची थोरली मुलगी त्याच घरात तापाने गेली, आणि त्यानंतर प्रत्येक निरोपात ते मुलांविषयी अधिक बोलत. यांपैकी एक वाक्यही त्या संध्याकाळी कोणाच्या तोंडून निघाले नाही.

पुढे ते भोपाळमध्येच, कोलार रोडला राहायला गेले. मंदाकिनीवहिनी वारल्यानंतर मी त्यांना भेटायला गेले. तोवर मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊ लागले होते. त्यांनी विषय काढला, तेव्हा मला वाटले, या वेळी नीट लिहून, वर्गाच्या बाईंकडून तपासून घेऊन न्यावे. "पुढच्या खेपेस आणते," असे मी म्हणाले. पाच महिन्यांनी ते गेले. माझी तेव्हा जोडाक्षरे चालू होती. मी जे वहीत आणणार होते, ते त्यांनी वहीत मागितलेच नव्हते. चहाचा कप खाली ठेवून ते इतकेच म्हणाले होते:

"वहिनी, त्या दिवशी आमच्या घराचं काय सांगणार होतात, ते आता सांगा."