तीनदा म्हणायचा शब्द

अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात एक दुमजली काळी इमारत उभी आहे. खिडक्यांना काचा नाहीत, भिंतींना रंग नाही. नवख्या माणसाला वाटतं, बिचारी जळली कधीतरी. पण ती मुद्दाम रोज थोडी थोडी जाळलेली. आत ड्रममध्ये ओला भुसा पेटवायचा, दारं लावायची, आणि नव्यानं भरती झालेल्या जवानांना त्या धुरात सोडायचं. शिकायचं तर धूर नाकातोंडात जाईपर्यंत शिकायचं, अशी तिथली रीत.

त्या इमारतीत ज्यानं निम्मं आयुष्य रांगत काढलं, त्याला सगळे भिंतमास्तर म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं. धुरात डोळे असून नसल्यासारखे, म्हणून मास्तरांचा पहिला धडा भिंतीचा. उजवा हात भिंतीला लावून आत जायचं, मागे वळलं की डावा लावून बाहेर यायचं. "सासू सुटली तरी चालेल, भिंत सोडू नका," असं ते दरवर्षी म्हणत आणि पोरं दरवर्षी हसत. मास्तरांना स्वतःला त्यात हसू येईनासं होऊन बराच काळ झाला होता.

पण त्यांचं खरं काम होतं ते आपलाच माणूस बाहेर काढायला शिकवण्याचं. आग विझवायला गेलेला जवानच आत पडला तर त्याला काढणं फार अवघड. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, अंगात जाड कोट. भिजलेल्या गादीसारखा जड होतो गडी. त्याच्या खांद्याचा पट्टा कसा धरायचा, कुठं ओढायचं, कुठं ढकलायचं, हे सगळं मास्तर शिकवत. आणि एक गोष्ट बजावून सांगत. "पडलेला माणूस ओरडेल, शिव्या देईल, मला सोडा म्हणेल. भ्यालेल्याचं ऐकायचं नसतं. ओढायचं."

मग सरावात कुणाला खरोखरच काही झालं तर? त्यासाठी एक शब्द ठरलेला होता. "खरंच." तोही तीनदा. एकदा म्हटलं तर बोलणं, दोनदा म्हटलं तर रडगाणं, तीनदा म्हटलं की सगळं बंद. दारं सताड उघडायची, पंखे लावायचे, सगळे बाहेर. नियम सोन्यासारखा, पण वापरतंय कोण? एका वर्षी एकानं म्हटला, तर बाकीच्यांनी त्याला जेवताना "मीठ हवंय का रे? खरंच, खरंच, खरंच?" असं करून महिनाभर सोलून काढलं. तेव्हापासून त्या शब्दावर धूळ बसली.

मास्तरांचा उजवा गुडघा वर्षभरापासून मध्येच अडकायचा. कुलूप पडावं तसा. चालताना निभायचं, पण रांगताना कधी दगा देईल त्याचा नेम नव्हता. धुरात शिकवणारा माणूस धडधाकटच हवा. आत कुणाचं काही बिनसलं तर पहिला हात त्याचा. साहेबांना कळलं असतं तर मास्तरांची रवानगी थेट पाइपांच्या शेडमध्ये झाली असती. तिथं ओले पाइप वाळवायचे, फाटलेल्यांना ठिगळं लावायची आणि निवृत्तीची वाट बघत बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मास्तर गप्प राहिले.

घरी मात्र मूठ झाकायची सोय नव्हती. बायको वारल्यावर थोरली बहीण चार दिवस राहायला म्हणून आली ती राहिलीच. तिचे कान म्हातारे झाले होते, डोळे मात्र अजून तरणे होते.

"जिन्यात एकेका पायरीवर थांबून काय मोजत होतास मघाशी?" तिनं एके दिवशी सकाळी विचारलं.

"काही नाही गं ताई. बूट घट्ट झालाय."

"बूट पायात आणि हात गुडघ्यावर? वा! लोकांना काढतोस आगीतून, आणि स्वतःचं दुखणं ठेवतोस उशाखाली."

"वय झालं, दुखायचंच."

"माझं तुझ्याहून जास्त झालंय. मी तर सगळ्या गल्लीला ऐकवते कुठं दुखतं ते. त्यानंच अर्धं बरं वाटतं."

मास्तर हसले, चहा प्यायले आणि निघाले. दमलेल्या माणसाला वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

त्या दिवशी सरावातला बाहुला फाटलेला होता. माणसाच्या वजनाचा, वाळू भरलेला. ओढून ओढून त्याची खांद्याची शिवण उसवली होती. "मग आज पडणार कोण?" पोरांनी विचारलं. मास्तरांना वाटलं, बरं झालं. पडून राहायचं म्हणजे रांगायला नको. "मीच पडतो," ते म्हणाले.

आतल्या खोलीत एक लोखंडी खाट तिरकी पाडून ठेवलेली होती. मास्तर तिच्याखाली सरकले आणि वरून धूर भरून आला. आत आली दोघं. एक जाड्या, अंगानं दणकट आणि डोक्यानं सरळ. दुसरी उंच पोरगी, त्या वर्षीची सगळ्यांत हुशार, आणि म्हणून सगळ्यांत हट्टी. भिंत चाचपत दोघं बरोबर पोचली. जाड्यानं मास्तरांच्या खांद्याचा पट्टा धरला. पोरगी पाय मोकळे करायला खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूनं पलीकडे गेली. इथवर सगळं शिकवल्याबरहुकूम.

जाड्यानं ओढलं आणि मास्तरांचा गुडघा अडकला. त्यात भर म्हणजे त्यांच्या सिलिंडरचा पट्टा खाटेच्या पायात गुंतला होता, त्यामुळे मास्तरांबरोबर अख्खी खाट फिरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"थांब! अडकलोय!" मास्तर ओरडले.

"हो सर!" जाड्या म्हणाला आणि आणखी जोरात ओढू लागला. भ्यालेल्याचं ऐकायचं नसतं, हे मास्तरांनीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. केली करणी आणि आली अंगाशी.

ओठावर तो शब्द आला होता. पण म्हटला की दारं उघडणार, साहेब येणार, मास्तर उठता येत नाही असे पडलेले सगळ्यांना दिसणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसे ते पडून राहिले. आता निघेन, आणखी एका हिसक्यात निघेन.

तेवढ्यात त्यांच्या कानांनी दुसरंच काही ऐकलं. मास्कमधून श्वास घेताना आवाज होतो, लोहाराच्या भात्यासारखा. जाड्याचा भाता दमदार चालला होता. पोरीचा मात्र लहान लहान, तुटक, भराभर. मास्तरांनी हात मागे घातला. फिरलेल्या खाटेनं पोरीला भिंतीशी दाबलं होतं, आणि तिच्या हवेची नळी खाटेच्या कडेखाली चेपली होती. जाड्याचा प्रत्येक हिसका ती आणखी चेपत होता. धड गुडघ्याचा माणूस असता तर पायानं रेटून खाट बाजूला केली असती. मास्तरांनी रेटून पाहिलं. पाय ऐकेना.

"पोरी, म्हण की!" ते ओरडले.

ती काही म्हणेना. नुसता भाता, आणखी लहान.

"खरंच!" मास्तर म्हणाले.

"हो हो सर, खरंच," जाड्या म्हणाला आणि ओढलं.

"खरंच! खरंच, खरंच, खरंच! अरे गाढवा, खरंच!"

जाड्याच्या हातातला पट्टा सुटला. जाड्या दाराकडे तोंड करून असा काही बोंबलला की बाहेरचे पाण्याची बादली टाकून धावले. दारं उघडली, पंखे घरघरले, चौघांनी खाट उचलली. पोरीला बाहेर उजेडात आणून मास्क काढला तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते. हळूहळू रंग परत आला, मग खोकला, मग रडणं. रडणं आलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मास्तरांना दोघांनी उचलून पायरीवर बसवलं होतं. पोरगी शेजारी येऊन टेकली.

"सर, मी म्हणणार होते."

"कधी? वर गेल्यावर?"

तिनं नाक पुसलं. "तुम्हाला लागतंय हे मला कळत होतं. तुम्ही ओरडत होतात ते नाटक नव्हतं. तुम्ही म्हणेनात, मग मी कशी म्हणू?"

  इतकी वर्षं मास्तरांनी तोंडानं एक शिकवलं आणि पोरीनं उचललं ते न शिकवलेलं. मुलांचं असंच असतं. सांगितलेलं या कानानं जातं, पाहिलेलं हाडात राहतं.

संध्याकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वयानं लहान, त्यांच्याच हाताखाली रांगलेले.

"बसा मास्तर."

"बसलं की उठता येत नाही, तेच सांगायला आलोय. गुडघा गेलाय. आजचा नाही, वर्षभराचा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "वर्षभर तुम्ही आत जात होतात?"

"जात होतो. जायला नको होतं. पोरगी थोडक्यात वाचली. मला आतून काढा."

"बाहेर राहून शिकवा की. तोंड तर शाबूत आहे."

"आतला माणूस दुसरा द्या, मला तूर्त पाइपांच्या शेडमध्ये पाठवा. बाहेरचं मग बघू. आणि साहेब, तो जाड्या. त्याला बोलू नका काही. त्यानं माझंच ऐकलं."

घरी पोचायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर झाला, कारण जिन्यात ते मध्येच बसले. कुणी बघेल तर बघू दे म्हणत बसून राहिले. वरची शेजारीण थांबली, काय झालं म्हणाली. गुडघा दुखतोय म्हणाले. तिनं आपल्या मुलाला हाक मारली, त्यानं खांदा दिला.

दार बहिणीनं उघडलं. भाऊ दुसऱ्याच्या खांद्यावर आलेला बघून तिच्या हातातली पळी खाली पडली.

"जळलास कुठं?"

"नाही गं. शेडमध्ये बदली झाली. पाइप वाळवायला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फिरला. "वाईट वाटतंय का रे?"

"वाटतंय," मास्तर म्हणाले. "फार वाटतंय. आणि ताई, दमलोय मी."

तिनं खुर्ची ओढली आणि त्यांचा पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. कुठं कुठं दुखतं ते विचारत गेली, आणि ते सांगत गेले.