भिंतीकडे तोंड केलेली वायर

वडनेरच्या वळणावर सुहासच्या गाडीला ट्रॅक्टरनं उडवलं, असा फोन आला. मी पहिलं काय विचारावं? "उजवीकडून आला का?" पलीकडचा माणूस हो म्हणाला.

सुहास माझा धाकटा भाऊ. सिंदी मेघेला माझ्याच घरात वरच्या खोलीत राहायचा, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लेझरवर संशोधन करायचा. तांदळाच्या कणीहून लहान लेझर! इंटरनेटच्या काचेच्या तारेतून धावत येणारे उजेडाचे संदेश विजेत न बदलता, उजेडानंच निवडायचे, वळवायचे, हे त्याचं वेड. "विजेले मधात आणलं का गाडी थांबलीच समज," म्हणायचा. मला मेलं त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्याचा एक नेम मात्र घरभर लागू होता. त्या काचेच्या तारेची पिवळी वायर काढली की तिचं तोंड भिंतीकडे. "दिसत नाई म्हणून उजेड नाई, असं नसते व ताई. हा डोळा जाळून जाते अन् पापणीले पत्ताही लागत नाई."

यंदा तो चहा कपाबाहेर ओतायला लागला. उजवीकडून ताट सरकवलं की दचकायचा.

"काऊन रे, डोळ्याले काय झालं?"

"काही नाई व. जागरण."

एक दिवस मात्र बोलला. लेझर चालू आहे का, हे ही मंडळी कधी कधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघतात. काही लेझर त्यात जांभळट दिसतात. त्या दिवशी कॅमेऱ्यात अंधार होता. बंद आहे समजून त्यानं वायरचं टोक उजव्या डोळ्याशी नेलं. नवा लेझर कॅमेऱ्यालाही न दिसणारा निघाला. तेव्हापासून डोळ्यापुढचा काळा डाग पसरतच होता...

"कोणाले सांगू नको. लॅब बंद करतील माही."

"आग लागो तुह्या लॅबले! उद्याच सेवाग्रामले दवाखान्यात चाल."

"वडनेरचं लग्न होऊ दे, मंग येतो."

गाडीची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली. लहानपणापासून माझी लपवायची जागा तीच, आणि ती त्याला पाठ. जाताना हसत किल्ली वाजवून दाखवली मेल्यानं.

सुहास परत आलाच नाही. परवा लॅबमधून त्याचं सामान आलं. त्यात एक पिवळी वायर आहे, टोकाचं टोपण हरवलेली. ती कशालाच जोडलेली नाही, हे मला समजतं. तरी झाडताना ती हलली की मी डोळे घट्ट मिटते, चाचपडत तिचं तोंड भिंतीकडे फिरवते, आणि मगच डोळे उघडते.