सुलक्षणाताईंची हक्कसोड

सुलक्षणाताई परब आपला हक्क सोडायला पाच वेळा गेल्या. एखादा हक्क मिळवायला माणूस इतके हेलपाटे घालत नाही.

हक्क होता दिंडोशीतल्या वन रूम किचनचा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून वडिलांनी ते घेतलेलं. ताईंचा नवरा लवकर गेला, तेव्हा त्या वडिलांकडे परत आल्या, फॉल-पिकोवर पोट भरलं आणि शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं केलं. वडिलांचं तेरावं झालं आणि मुलुंडला राहणाऱ्या धाकट्या भावाने, सुबोधने, घराला कुलूप घातलं. “कागद नावावर होईपर्यंत हां, ताई.” ताई शिलाई मशीन घेऊन घाटकोपरला भाड्याच्या खोलीत गेल्या. तिथला अकरा महिन्यांचा करार आता महिनाअखेरीस संपत होता.

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. सासरी परबांकडे काय आणि ताईंच्या माहेरी काय, बहिणीने सही करायची आणि भावाने साडी द्यायची, एवढंच ठरलेलं. आत्याने गावच्या घरावरचा हक्क पोहे खाता खाता सोडला, हे सगळे कौतुकाने सांगत. सुबोधनेही जांभळी साडी आणली. फॉल ताईंनीच लावला.

पहिल्या खेपेला नोंदणी कार्यालयात साडेचार तासांनी नंबर लागला. कारकुनाने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “हक्क स्वखुशीने सोडताय ना? कुणाचा दबाव, धमकी, आमिष?”

“स्वखुशीने,” ताई म्हणाल्या. फोटो निघाला आणि सर्व्हर बंद पडला. कारकुनाने शांतपणे जेवणाचा डबा उघडला. अर्धवट नोंद जपून ठेवायची सोय संगणकात नव्हती, त्यामुळे पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून, प्रश्नासकट.

दुसऱ्या खेपेला ताई पुन्हा स्वखुशीने म्हणाल्या, पण अंगठा उमटेना. सुई आणि कापड यांच्यात त्याच्या रेघा कधीच झिजल्या होत्या. केसांवर घासून झाला, खोबरेल लावून झालं. यंत्राच्या मते त्या कुणीच नव्हत्या. “डॉक्टरांचा दाखला आणा,” कारकून म्हणाला. “कशाचा?” सुबोधने विचारलं. “अंगठा यांचाच आहे म्हणून.”

तिसऱ्या खेपेला दाखला होता. ताईंनी विचारलं, “आमिषात साडी धरतात का हो?” कारकून विचारात पडला आणि साहेबांना विचारायला गेला. साहेब रजेवर होते. साहेबांशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. चौथ्या खेपेला प्रश्न झाला, पण एका साक्षीदाराने मिशी काढली होती आणि ओळखपत्रावर ती भरघोस होती. मिशी यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे ताई मशीनवर बसून त्या प्रश्नाचा विचार करत होत्या. आयुष्यात त्यांना ‘तुमची खुशी आहे ना’ असं कुणी विचारलं नव्हतं. सरकारने चारदा विचारलं.

पाचव्या खेपेला सुबोधचा जीव मेटाकुटीला आला होता. “जमाना कुठे चाललाय आणि हे लोक बघ. मोबाइलवर पाच मिनिटांत व्हायला पाहिजे हे,” तो म्हणाला. त्या दिवशी मात्र सर्व्हर चालू होता, साहेब हजर होते, मिशी आली होती. अंगठा पहिल्या झटक्यात उमटला.

“स्वखुशीने सोडताय ना?”

ताई म्हणाल्या, “नाही म्हणायचं असेल तर कुठला फॉर्म भरायचा?”

“ताई, फॉर्मॅलिटी आहे गं, हो म्हण ना,” सुबोध खाली वाकून म्हणाला.

“हा दबाव झाला,” कारकून म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला दबाव पहिल्यांदाच दिसला असावा, कारण खुर्ची पुढे ओढून त्याने तो नीट पाहिला. मग ताईंकडे वळला. “फॉर्म नाही, बाई. स्टॅम्प नाही, साक्षीदार नाहीत, अपॉइंटमेंट नाही. हक्क ठेवायला काहीच करावं लागत नाही. उठायचं आणि घरी जायचं.”

ताई उठल्या. त्यांना फार बरं वाटत होतं. बाहेर जिन्यावर त्यांनी सुबोधपुढे हात केला. “दिंडोशीची किल्ली दे.”

“मुलुंडला आहे. आणि तू असं कसं करतेस? घरात आजवर कुठल्या बहिणीने केलंय असं?”

“त्यांना एकदाच विचारलं रे,” ताई म्हणाल्या. “जा, घेऊन ये. तोवर मी घरी जाऊन दारात बसते.”