तिहोमिरचं जागरण

तिहोमिरला रात्री झोप लागत नाही, हे सर्बियातल्या झायेचार गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज सकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात खुर्ची ओढून बसायचा आणि जाहीर करायचा, की काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सूर असा, जणू सरकारनं छातीवर पदक लावलंय. निवांत झोपणारी माणसं त्याच्या लेखी बैलाच्या जातीची. ज्याला डोकं आहे त्याला झोप कुठून येणार? ऐकणारे मान डोलवायचे आणि त्याच्या बायकोबद्दल, ल्युबिंकाबद्दल हळहळायचे. बिचारीच्या नशिबी असला आजारी नवरा.

लग्न झाल्यापासून ल्युबिंका त्याचं घोरणं ऐकत आली होती. पाठ टेकायचा अवकाश, की आधी शीळ, मग करवत, आणि मग मध्येच श्वास अडकायचा. घर एकदम शांत व्हायचं. आता पुन्हा सुरू होतंय की नाही, म्हणून ती कान देऊन पडायची. नाहीच झालं तर आपल्याला नक्की काय वाटेल, हे तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. पहाट व्हायच्या आत तिला बालवाडीच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला हजर व्हावं लागे. ती निघायच्या वेळी हा आळोखेपिळोखे देत म्हणायचा, "तुझं बरंय. उशीला डोकं लावलं की गेलीस."

तू घोरतोस, असं तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर तो फणकारला होता, की घोरायला आधी झोपावं लागतं. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून तिनं विषय सोडला. त्यानंतर ती त्याच्याकडे मांजरानं उकिरड्यावरून आणलेल्या वस्तूकडे बघावं तशी बघत आली होती, आणि त्याला ते कौतुक वाटत होतं.

मेलाटोनिन या झोपेच्या गोळीचं नाव काढलं ते त्यांच्या मुलीनं, स्नेझानानं. ती व्हिएन्नाला असते. फोनवर ती म्हणाली, की इकडे निम्मी माणसं ही गोळी घेतात, बाबांनी घेऊन बघावी. तिहोमिरनं आधी नाक मुरडलं. पण हा पदार्थ मुळात आपला मेंदूच तयार करतो, असं कळल्यावर त्याची कळी खुलली. म्हणजे त्याच्या मेंदूनं विचार करकरून सगळा साठा संपवला होता तर. औषधाच्या दुकानातल्या यास्नानं त्याला नीट समजावून दिलं: एकच गोळी, झोपायच्या तासभर आधी, आणि मग टीव्ही बंद. त्यानं ऐकून घेतलं आणि घरी येऊन टीव्हीसमोर गोळी गिळली.

सकाळी त्यानं निकाल दिला, की काही उपयोग नाही. नऊ तास ढाराढूर झोपून उठल्यावर. मग त्यानं कुणाला न विचारता दोन घेतल्या, मग तीन. आता त्याला स्वप्नं पडू लागली, आणि ती न्याहारीच्या टेबलावर सविस्तर ऐकावी लागत. मालगाडीचे डबे बीटरूटनं भरलेत, आणि साहेबाची म्हातारी आई नवरीच्या वेषात पावत्या तपासतेय. ज्या माणसाला झोपच नाही त्याला स्वप्नं कशी पडतात, हा प्रश्न त्या थोर मेंदूला शिवला नाही. दिवसा मात्र त्याचं डोकं लोकर भरल्यासारखं जड असायचं. कॉफीच्या दुकानात तो डोमिनोचा डाव हरायचा, आणि सोंगटी हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा.

अशात त्याचा जुना सहकारी स्वेतोझार वारला आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी आला. भर दुपारी सगळे कबरीपाशी जमले. बायकांनी उकडलेले गोड गहू आणि राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या बाटल्या मांडल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. तिहोमिर शेजारच्या बाकावर टेकला, त्याची मान छातीवर पडली आणि शीळ सुरू झाली. पाद्रीबाबांनी आवाज चढवला. करवतीनंही चढवला. मग श्वास अडकला. पाद्रीबाबाही थांबले. सगळे त्या बाकाकडे बघत उभे राहिले. शेवटी डुकरासारखा एक हुंकार आला आणि करवत पुन्हा चालू लागली. पहिली हसली ती स्वेतोझारची विधवा, मिलेवा. तोंडावर काळा रुमाल दाबून ती ल्युबिंकाजवळ आली.

"हे रोज असं?"

"रोज."

"मग बाई, तू झोपतेस कधी?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ती गव्हाची वाटी घेऊन पुढच्या माणसाकडे वळली.

घरी आल्यावर तिहोमिरनं सगळा दोष गोळीवर टाकला. नाचता येईना अंगण वाकडे. डबी टेबलावर आपटून तो म्हणाला, हे विष आहे. ल्युबिंका ती डबी घेऊन यास्नाकडे गेली. यास्नानं तिला सांगितलं, की श्वास अडकतोय म्हणजे त्यांना डॉक्टरकडे न्या, तेही लवकर. तिनं घरी तसं सांगून पाहिलं, पण तो कशाला जातोय? त्या रात्री ल्युबिंकानं स्वतः एक गोळी घेऊन पाहिली. लवकर डोळा लागला आणि करवतीनं लगेच उघडला. दुसऱ्या दिवशी यास्नाला हे सांगताना ती जरा ओशाळली होती.

"ती गोळी शरीराला एवढंच सांगते, की रात्र झाली," यास्ना म्हणाली. "शेजारी कोण निजलंय ते तिला काय ठाऊक?"

मग ल्युबिंकानं घडीची खाट उचलली आणि अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेऊन टाकली. तिथं मिरच्या भाजल्याचा वास होता, बरण्या होत्या, आणि आवाज कसलाच नव्हता. ती थेट उन्हं अंगावर आल्यावर उठली. बालवाडीत आयुष्यात पहिल्यांदा तिला उशीर झाला, आणि मुलांच्या पावाबद्दल थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

लोक काय बोलतील, असं तिहोमिर म्हणाला.

"बोलू देत. मी झोपलेली असेन."

आठवडाभरानं त्याचे डोळे लाल दिसू लागले. शेजारची जागा रिकामी पडल्यापासून त्याला खरोखरच झोप लागेना. कॉफीच्या दुकानात त्यानं ते सांगितलं तेव्हा सगळे खो-खो हसले आणि म्हणाले, कबरस्तानात जा, तिथं लागते तुला. यावेळी तो खोटं बोलत नाही, हे फक्त ल्युबिंकाला कळत होतं. भिजलेल्या मांजराची येते तेवढी कीव तिला आली आणि गेली. खाट काही तिनं परत आत आणली नाही.

थंडी पडायला लागली तशी तिनं उन्हाळी स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी बसवायला घेतली. धुराड्याचा पत्र्याचा नळ धरायला तिहोमिर उभा होता.

"त्या श्वासाचं," तो म्हणाला, "डॉक्टर काय करतात गं?"

"जाऊन विचार," ल्युबिंका म्हणाली. "आणि नळ सरळ धर."