आवाज ऐकायला मी लारीत बसले

माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे जवळा बाजार गावातल्या एका शेठची लारी चालवत होते. लारी जुनीच होती, शेठनं अकोल्याकडून कुणाची तरी वापरलेली घेतलेली. पुढं दोन माणसं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की त्यात बोजे भरायचे आणि औंढ्यावरून हिंगोलीला सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगला, नेऊन टाकायचे, हे यांचं काम. उन्हाळ्यात कधी मीठ, कधी सरकी, कधी एखाद्या लग्नाचं वऱ्हाड.

त्या लारीचे गिअर सहज पडत नसत. क्लच दाबायचा, गिअर सोडवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि इंजिनचा आवाज बरोबर जागेवर आला की मगच दांडा पुढं ढकलायचा. जरा चुकलं की खालून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. हे नव्या ड्रायव्हरला सांगायचे की हातानं नाही, कानानं गिअर टाकायचा असतो. यांच्या हातून गिअर वाजला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. एका पावसाळ्याच्या शेवटी यांना हिवताप आला. ताप यायचा-जायचा, अंगावर गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. दवाखान्यातून कोयनेल आणलं, ते कडू जहर औषध बरेच दिवस चाललं. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. उजव्या कानानं काहीच ऐकू येईना. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर समजायचं. डॉक्टर म्हणाले, औषधानं असं होतं, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही.

शेठ माणूस बरा. डोळे शाबूत आहेत ना, मग चालव म्हणाले. पण लारीचा क्लीनर मधल्या काळात दुसरीकडं कामाला लागला होता. मागून मोटार आली, कुणी हाक मारली, तर यांना सांगणार कोण? घरात याची चर्चा चालली होती तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मानही वर न करता मला सांगितलं, "तूच बस त्याच्या बाजूला. लेकराला मी पाहते."

अशी मी लारीत बसायला लागले. बाजारातली माणसं पहिले काही दिवस बघायची, मग त्यांना सवय झाली. आम्ही खुणा ठरवल्या होत्या. मागून गाडी आली की मी यांच्या कोपराला हात लावायचा, कुणी थांब म्हणालं की दंड दाबायचा. गिअर टाकताना हे दांड्यावर नुसता तळवा ठेवायचे आणि इंजिनची थरथर हाताला कळायची तेवढ्यावर काम भागवायचे. अधूनमधून गिअर वाजायचा. तेव्हा ते माझ्याकडं बघायचे आणि मी वाजल्याची मान हलवायची. मग पुढचा बराच रस्ता जबडा आवळून बसायचे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी आम्ही कापूस भरून निघालो. शेठचे मुकादम मागं बोज्यांवर घोंगडं पांघरून बसले होते. ते यांच्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना मामा म्हणायची. जवळा बाजार मागं पडलं आणि मला एक आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, आणि मध्येच टक्. बारीक होता. लारीचे बाकीचे आवाज मला एव्हाना पाठ झाले होते, हा त्यातला नव्हता.

मी दंड दाबला. यांनी लारी बाजूला घेतली. मी कानाशी जाऊन सांगितलं, काहीतरी वाजतंय. काय वाजतंय, विचारलं, तर मला सांगता येईना. आवाज तोंडानं काढून दाखवला, पण यांच्यापर्यंत तो पोचेना. यांनी हत्यारांची पेटी पाहिली, मडगार्ड हलवून पाहिलं, मागच्या फळीची साखळी चिंधीनं बांधली. मुकादम वरूनच म्हणाले की जुनी लारी आहे, वाजायचीच, आणि जिनिंगवर आज गर्दी आहे, उशीर नको. आम्ही पुन्हा निघालो.

आवाज होताच. मुकादम म्हणतात तसं असेलही, असं मनाला सांगून पाहिलं. पण मग यांच्या बाजूला बसून मी करते काय, असं वाटलं. यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता. मी तो हात ओढून मांडीवर घेतला आणि तळहातावर नखानं आवाज काढायला लागले. खर्र आला की नख ओढायचं, टक् आलं की बोट आपटायचं. जसा येईल तसा, त्याच चालीत.

यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण मला कळलं की ते हातानं ऐकतायत. जरा वेळानं म्हणाले, "इंजिन एवढं हळू फिरत न्हाई."

मग त्यांनी क्लच दाबला आणि भुवया उंचावून विचारलं. आवाज गेला का? मी मान हलवली, नाही, आहे तसाच. त्यांनी हात परत दांड्यावर नेऊन खालचा गिअर टाकला. इंजिन जोरात ओरडायला लागलं, लारीचा वेग मात्र उतरला. आता? मी त्यांच्या मनगटावर वाजवून दाखवलं. आवाजही लारीबरोबर हळू झाला होता. पुढं एक लहानसा उतार लागला. तिथं त्यांनी गिअर सोडवला आणि इंजिनच बंद केलं. लारी आपल्या वजनानं घरंगळत निघाली. एकदम शांत झालं, कापसाच्या बोज्यांचे दोर करकरताना ऐकू यायला लागले. आणि त्या शांततेत खर्र, खर्र, टक् असं स्पष्ट आलं. यांच्या पायाखालून.

मी हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून खाली दाखवलं. डावीकडच्या वळणावर आवाज वाढला, तेही मनगटावर वाजवून सांगितलं.

उताराच्या पायथ्याशी लारी थांबली. हे उतरले आणि मुकादमांना म्हणाले, पुढच्या उजव्या चाकात काहीतरी आहे, खोलून पाहायला लागेल. मुकादम खाली आले. त्यांचं म्हणणं असं की औंढा फार लांब नाही, तिथवर हळूहळू जाऊ, झाडाखाली बसून आरामात बघ. त्यांना मागं बोज्यांवर काही ऐकूच आलं नव्हतं, त्यामुळं त्यांचंही चूक नव्हतं. यांनी एवढंच सांगितलं की पुढं चढ-उतार आहे, भरल्या लारीचं चाक उतारावर निघालं तर तुमी वर बसलेले आहात.

मुकादम माझ्याकडं वळले. "पोरी, तुला पक्कं ऐकू आलं का? भास तर न्हाई?"

माझं चुकलं असतं तर दिवस बुडाला असता आणि पुन्हा मला कुणी लारीत बसू दिलं नसतं. मी म्हणाले, "मामा, चाक वर उचला. मी परत ऐकते."

मागच्या चाकांना दगड लावले, पुढची एकेक बाजू जॅकवर घेतली. यांनी आधी डावं चाक हातानं फिरवलं. मी हातोडीचा लाकडी दांडा चाकाच्या मधल्या टोपीला टेकवला आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. नुसता सूं असा आवाज, तेलकट. मग उजवं चाक उचललं. ते फिरवलं आणि दांड्यातून माझ्या कानात खडे भरडल्यासारखं झालं. मी दांडा मुकादमांच्या हातात दिला. त्यांनी पागोटं सारून कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "खोल बाबा."

यांनी चाक वरून-खालून धरून हलवलं तर ते ढिलं लागत होतं. टोपी चटका बसेल इतकी तापली होती. सगळं उतरवल्यावर आतली बेरिंग दिसली. ग्रीस वाळून काळं झालेलं, काही छर्रे फुटून त्यांचा चुरा झालेला. यांच्या आजारपणात लारी बदली ड्रायव्हरकडं होती, ग्रीसकडं कुणाचं लक्ष गेलं नसावं. हे चुऱ्याकडं बघत उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, औंढ्यापर्यंत टिकली नसती.

नवी बेरिंग हिंगोलीशिवाय मिळणार नव्हती. मुकादम स्वतःच निघाले. एक बैलगाडी औंढ्याकडं चालली होती, तिच्यात बसून गेले, जुनी बेरिंग फडक्यात बांधून घेतली. आम्ही दोघं लारीपाशी राहिलो.

रस्त्यापलीकडच्या माळावर मेंढरंवाल्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्यांच्यातली एक बाई बघायला आली, काय झालं विचारून गेली आणि जरा वेळानं ताक घेऊन आली. आमच्याकडं भाकरी होतीच. लारीच्या सावलीत बसून खाल्लं. दुपार होती, माळावर वारा नव्हता. मी यांच्या डाव्या बाजूला बसून कानाशी म्हणाले, "किती शांत झालंय बगा."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मला न्हाई. डोक्यात इंजिन चालूच हाय. ताप उतरला तवापासून. निजलो तरी बंद होत न्हाई."

मला माहीत नव्हतं. ऐकू येत नाही म्हणजे यांच्या आत सगळं निवांत असेल, अशी माझी समजूत. इतके दिवस शेजारी बसून मी कधी विचारलं नव्हतं, आणि यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कसला आवाज? त्यांनी माझा हात घेऊन तळहातावर बोट टेकवलं आणि न उचलता एका रेषेत सावकाश ओढत नेलं. मनगटापाशी आल्यावरही थांबले नाहीत, कोपरापर्यंत नेलं. मग हात सोडून दिला आणि पाणी प्यायले. मी पदरानं भांडं पुसत बसले.

मुकादम दुसऱ्या दिवशी सकाळी बेरिंग आणि ग्रीसचा डबा घेऊन परत आले. चाक बसवलं, जॅक काढायच्या आधी मी पुन्हा दांड्यानं ऐकलं आणि ठीक आहे अशी मान डोलावली. औंढा ओलांडून हिंगोलीला पोचलो तेव्हा जिनिंगच्या फाटकात गाड्यांची रांग लागली होती. मुकादमांनी शेठला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्या हंगामात परत कुणी क्लीनर शोधायची गोष्ट काढली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मला दिवस गेले आणि माझं लारीत बसणं थांबलं. यांचा डावा कान थोडा सुधारला, उजवा गेला तो गेलाच. डोक्यातलं इंजिन कमी झालं का, असं मी कधीमधी विचारायची. कधी म्हणायचे हाय, कधी म्हणायचे आज ध्यानात आलं न्हाई.

पुढं काही वर्षांनी रझाकारांच्या धामधुमीत पेट्रोल मिळेना आणि रस्तेही धड राहिले नाहीत. शेठनं लारी शेडमध्ये उभी केली. यांना त्यांनी हिंगोलीच्या जिनिंगवर, मोठ्या इंजिनच्या खोलीत चिकटवून दिलं, आणि आम्ही बिऱ्हाड हिंगोलीला नेलं. तिथं एवढा गोंगाट असायचा की कानानं धड माणूसही हातवारे करूनच बोलायचा. यांना ते काम आवडलं. संध्याकाळी घरी आले की अंगाला तेलाचा वास यायचा, आणि लेकरं यांच्या डाव्या बाजूला बसण्यासाठी भांडायची.